पाण्याला विमान

सोमवार, ६ जानेवारी

नाही म्हणायला हवं होतं! दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं तेव्हाच म्हणायला हवं होतं. पण "घरी येऊन शिकवतील" म्हणाल्या आणि मी मान डोलावून मोकळी झाले.

आज दोघं आले विद्यापीठातून. एक चष्मेवाली मुलगी आणि एक उंच मुलगा. त्यांना एक विषय आहे म्हणे, 'सेवा-अध्ययन'. लोकांच्या घरी जायचं, सेवा करायची, त्यातून शिकायचं आणि वर त्याचे गुण मिळवायचे. आमच्या वाट्याला आलेली सेवा अशी — दर सोमवारी आणि गुरुवारी येऊन यांना बोलायला लावणार. अर्धांगाचा झटका आला तेव्हा यांचा उजवा हातही गेला आणि वाचाही. हात जरासा परतला. वाचा नाही. डॉक्टर म्हणतात, सगळं कळतं, फक्त शब्द सापडत नाहीत. आणि पहिल्या वर्षात जेवढं येईल तेवढं येईल, पुढचं अवघड. त्यातले किती महिने असेच गेले!

तर सेवा. खुर्च्या मी आतून आणल्या. चहा मी केला. मुलाला वारा लागत नव्हता म्हणून पंखा मी फिरवला. सेवा माझी, अध्ययन त्यांचं!

मुलीने यांच्यासमोर बसून विचारलं, "काका, कसं वाटतंय?" मी सांगितलं — बरं आहे त्यांचं, झोप नीट लागत नाही, पाय दुखतात, आणि औषधाची गोळी कडू लागते. तिने सगळं लिहून घेतलं.

गुरुवार, ९ जानेवारी

चित्रं घेऊन आली. हत्ती, सफरचंद, छत्री, विमान. बालवाडीत असतात तशी! शिलाईचं दुकान चालवलेला माणूस आहे हा. कोट, जाकिटं, लग्नाचे सूट — सगळ्या बाजारात यांच्या बेतण्याला तोड नव्हती. त्यांच्यापुढे हत्ती नाचवता?

"काका, हे काय आहे?"

हे नुसते बघतायत. कपाळावर घाम. मला बघवेना. मी म्हटलं, "हत्ती. म्हणा, हत्ती."

मुलगी हळूच म्हणाली, "काकू, आपण त्यांना थोडा वेळ देऊ या ना."

मला शिकवते! माझ्या घरात! काल आलेली पोर! दिला वेळ. तिघं तोंडं बघत बसलो. मुलगा मोबाईलमध्ये. शेवटी मीच म्हटलं, हत्ती. उगाच सगळ्यांचा खोळंबा.

गुरुवार, १६ जानेवारी

काही नाही. हत्ती, सफरचंद, चहा, टाटा.

सोमवार, २० जानेवारी

बोलले! झटक्यानंतरचा पहिला शब्द! मी स्वयंपाकघरात होते, हातातलं भांडं खाली पडलं. स्पष्ट, खणखणीत —

"विमान."

मुलगी टाळ्या वाजवायला लागली. हेही हसले. मी आत जाऊन रडले, आणि रडता रडता संताप आला. पाणी नाही, लेकीचं नाव नाही, मला नुसती हाकसुद्धा नाही. विमान! आम्ही दोघं जन्मात कधी विमानात बसलो नाही. जाता-येता आकाशात बघितलं असेल तेवढंच.

लेकीला फोन केला. ती दूरच्या शहरात नोकरीला. "आई! अगं, ते मला बोलावतायत! विमानाने ये म्हणतायत!" म्हटलं, मग ये की. तर म्हणे, सुट्टी नाही गं. वा! अर्थ तेवढा छान काढता येतो.

गुरुवार, ३० जानेवारी

आता सगळंच विमान.

तहान लागली — विमान. चादर बोचतेय — विमान. बाथरूमला जायचंय — विमान, विमान, जरा घाईत. चहात साखर कमी पडली — तोंड वाकडं करून विमान. मी समोर उभी राहिले, स्वतःकडे बोट दाखवून विचारलं, "मी कोण?" माझ्याकडे नीट बघितलं. अगदी प्रेमाने बघितलं. आणि म्हणाले, विमान.

आज त्या मुलीला धरलं. काय करून ठेवलंत हे? ती म्हणते, "होतं काकू असं. एक शब्द सापडला की मेंदू तोच पुढे करतो. हळूहळू जाईल." मी म्हटलं, मेंदू यांचा गं, पण चादरी मला धुवाव्या लागतात! वेळेवर कळलं नाही की काय होतं ते तुझ्या पुस्तकात नसेल. पाणी शिकव. दुखतंय शिकव. नको शिकव. हत्ती कशाला? आमच्या घरात हत्ती येणार आहे का?

"चित्रं ठरलेली आहेत काकू. मॅडमना विचारावं लागेल."

विचार बाई. पाणी म्हणायला मॅडमची परवानगी घे!

सोमवार, ३ फेब्रुवारी

उंच मुलगा आला नाही. त्याने बदलून घेतलं, आता झाडं लावायला जातो. बरोबरच आहे, झाडांशी बोलावं लागत नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

इतका राग आलाय की काय सांगू. हे झोपलेत, म्हणून इथे तरी ओकते.

चष्मेवालीने आज चित्रं आणली नाहीत. पिशवीतून स्वतःचा एक कुडता काढला. बाही उसवलेली, खांद्यात चुण्या. यांच्या मांडीवर ठेवला. आणि मग माझ्याकडे वळून, अगदी गोड आवाजात — "काकू, राग मानू नका, तुम्ही जरा आत बसाल का?"

आत! माझ्या घरात मला आत बसायला सांगितलं! माझा नवरा, माझी खोली, माझी खुर्ची. सासूने कधी सांगितलं नाही ते ही सांगते. पुढे वादावादी नको म्हणून गेले. ओट्याला टेकून उभी राहिले. कान बाहेर.

कितीतरी वेळ आवाजच नाही. मला वाटलं, झोपले की काय दोघं. मी दाराशी येऊन पुन्हा मागे गेले. मग कापड चाचपल्यासारखं काहीतरी. मग यांचा आवाज, जड, घोगरा —

"टेप."

आणि थोड्या वेळाने — "खडू."

बाहेर आले तर हे डाव्या हाताने बाही धरून बसलेले, डोळे कसे लखलखीत. मुलगी माझ्याकडे बघून हसली. मी नाही हसले. खुशीही आहे, खोटं कशाला लिहू? पण माझ्यापुढे का नाही? दिवसभर मी बसते यांच्यापाशी. भरवते मी, पुसते मी, आणि शब्द तिला! काय लावलंय हे?

सोमवार, २४ फेब्रुवारी

"पाणी" म्हणाले. तिला. मला अजून विमानच.

गुरुवार, ६ मार्च

आज पुन्हा आत बसले. आता मीच जाते, सांगायला लागत नाही. भाजी निवडत होते. बाहेर "सुई... धागा... नको... बरं" असं चाललेलं. 'बरं' हा काय सुंदर शब्द आहे! कधी लक्षच गेलं नव्हतं.

जुनं आठवत राहिलं. दुकानात आमचं ठरलेलं होतं. बेतायचे हे, बोलायची मी. गिऱ्हाईक यांना विचारायचं, "कधी द्याल?" हे माझ्याकडे बघायचे. मी म्हणायची, "गुरुवारी या." गिऱ्हाईक म्हणायचं, बाह्या लांब वाटतात. मी म्हणायची, धुतल्यावर बसतील. मला बघायला आले होते तेव्हाही हे एक अक्षर बोलले नाहीत, सगळं यांच्या थोरल्या बहिणीनेच उरकलं. मला वाटलं, मुका आहे की काय मुलगा! मग समजलं, नाही, नुसता सावकाश आहे. एक वाक्य जुळवायला याला वेळ लागतो, तोवर जग पुढे गेलेलं असतं. मग मीच पुढे व्हायला लागले. कुणीतरी व्हायला हवंच होतं. नाहीतर दुकान चाललं असतं का?

झटका आल्यावर दुकानाशेजारचा चहावाला मला म्हणतो, "वहिनी, वाचा गेली म्हणता. पण होती कधी?" वर हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेव्हापासून त्याच्या दुकानावरून जात नाही, लांबच्या रस्त्याने जाते.

सोमवार, १७ मार्च

सत्र संपतंय.

सत्तावीसला शेवटचा दिवस. मुलीने खाली बघत सांगितलं. म्हणजे काय? आत्ता कुठे दहाबारा शब्द गोळा झालेत. भात अर्धा शिजला आणि खालचा गॅसच काढून नेला, असं झालं हे! मी म्हटलं, तू तुझी ये ना. विषय संपला तर संपला, माणूस म्हणून ये. रविवारी ये.

"नियम आहे काकू. सत्र संपलं की घरी जायचं नाही, फोन करायचा नाही. लोकांना सवय लागते, मग त्रास होतो."

सवय लागते! सवय लावल्यावर आठवलं का हे? सेवा म्हणे. सेवेला कधी शेवटची तारीख असते का?

डॉक्टरांचं वर्ष ऑगस्टमध्ये भरतं. यांचे शब्द त्याच्या आत यायला हवेत. विद्यापीठाला त्याचं काय!

गुरुवार, २७ मार्च

आज जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

तिने यांना एक नवा मोठा बटणांचा डबा दिला. हात हातात घेतला. दाराशी गेली, चपला घातल्या, वळली आणि म्हणाली, "काका, मी जाते."

जाते!

आपल्या घरात कुणी 'जाते' म्हणून बाहेर पडत नाही. दूध आणायला निघालेलं माणूससुद्धा 'येते' म्हणतं. आजारी माणसाच्या उशाशी तर कुणी तो शब्द तोंडातून काढत नाही. मला वाटलं, चुकून निसटला. इतक्यात यांनी डाव्या हाताने खुर्चीवर थाप मारली. चेहरा लाल. मान पुढे. ओठ हलतायत, आवाज अडकतोय —

"ये... येते. येते म्हण!"

अख्खं वाक्य! विमान नाही, सुई नाही. पोरीला वाक्य टाकून रागावले! झटक्याच्या आधीही हे कुणाला असं रागावले नव्हते.

आणि ती? ती तिथेच रडायला लागली. "नाही म्हणता येत काका. मॅडमनी सांगितलंय. परत यायचं नसेल तर येते म्हणायचं नाही. खोटा शब्द द्यायचा नाही."

वर्गात शिकवलंय हे त्यांना! 'येते' म्हणजे वचन, आणि वचन पाळता येणार नाही, म्हणून स्पष्ट 'जाते' म्हणा! कुठल्या शहाणीने काढलं हे डोक्यातून? येते म्हणजे येणारच असं कुणी समजतं का? आमचा नळ दुरुस्त करणारा "येतो हं" म्हणून जो गेलाय तो अजून यायचाय. त्याला कुणी खोटारडा म्हणालं? येते म्हणजे — आता कसं सांगू — येते म्हणजे मी तुला इथेच सोडून देत नाहीये, एवढंच. एवढं मराठी येत नाही आणि माणसांना बोलायला शिकवायला निघाल्या!

ती 'येते' म्हणाली नाही. 'जाते'ही पुन्हा म्हणाली नाही. तशीच जिना उतरून गेली.

हे दाराकडे बघत राहिले. नंतर मी पाणी आणलं. म्हणाले, "विमान."

शुक्रवार, २८ मार्च

गेले विद्यापीठात. शेजारणीला यांच्यापाशी बसवलं आणि तडक गेले.

मॅडम वयाने माझ्या लेकीएवढ्या. टेबलावर कागदांचे ढीग. मला बसा म्हणाल्या. मी बसले नाही. म्हटलं, आमच्या माणसाला पहिल्यांदा वाक्य आलं आणि तुम्ही त्याच दिवशी दार लावून घेतलंत.

त्या शांत. त्याचाच तर जास्त राग आला! म्हणाल्या, "काकू, आधी असं झालंय. मुलं येतो येतो म्हणून गेली, आणि एक आजी रोज दारात खुर्ची टाकून बसायच्या. जेवायच्या नाहीत. त्यांच्या मुलाने येऊन मला विचारलं, कोण येणार आहे म्हणून. तेव्हापासून आम्ही हा नियम केला."

म्हटलं, मग मुलांना यायला शिकवायचं! तुम्ही शब्दच काढून घेतलात!

त्यांनी समोरचा कागद बाजूला सारला. मग म्हणाल्या, "जुलैत नवीन सत्र आहे. नवी मुलं पाठवते. तुमचं घर पहिलं."

नवी मुलं. पुन्हा हत्तीपासून सुरुवात. पुन्हा जीव लावायचा आणि पुन्हा 'जाते' ऐकायचं. मी सांगून आले — आमच्याकडे कुणालाही पाठवू नका. आम्हाला नको. यांनाही नको. नाव खोडून टाका.

जिना उतरताना बरं वाटलं. फार बरं वाटलं.

मंगळवार, १ एप्रिल

मीच शिकवणार. त्यात काय आहे एवढं? जुन्या मासिकांतून चित्रं कापली. पेला, चादर, गोळी, उशी. कामाचे शब्द.

बुधवार, ९ एप्रिल

तोंड उघडत नाहीत. पेला दाखवते, म्हणते, पाणी. म्हणा, पा-णी. ओठ घट्ट. पा-णी! भिंतीकडे बघतात. शेवटी मीच म्हणते आणि मीच पाजते. विमानसुद्धा बंद झालंय. विमानाची आठवण यावी, काय दिवस आलेत!

गुरुवार, १७ एप्रिल

सोमवारी आणि गुरुवारी दुपारी धुतलेला शर्ट मागतात. मागतात म्हणजे कपाटाकडे बोट दाखवतात. घालून खुर्चीत बसतात. मी सांगितलं, कुणी येणार नाही. तरी बसतात. बटणांचा डबा मांडीवर.

राग येतो! यांचाच येतो. मी काय कमी करते? त्या मुलीने काय केलं असं, नुसती बसायची तर समोर! मी दिवसभर बोलते यांच्याशी. सकाळपासून एक मिनिट तोंड मिटत नाही माझं. घरात फक्त माझा आवाज. माझाच मला वीट आलाय.

बुधवार, १४ मे

डॉक्टर म्हणाले, मार्चमध्ये बरंच होतं, आता मागे गेलेत. "सराव बंद झाला का?" मी म्हटलं, घरी घेते मी. त्यांनी यांच्याकडे बघून विचारलं, "काका, काय त्रास होतो?" मी सांगितलं सगळं. डॉक्टर माझ्याकडे जरा चमत्कारिक बघत राहिले. त्यांना काय, बघायला काय जातं!

लेकीचा फोन. "आई, त्या मॅडमना फोन कर ना. जुलैत पाठवतो म्हणाल्या होत्या ना?" म्हटलं, एवढं तोडून आले, आता नाक घासत जाऊ? ती म्हणाली, "बाबांसाठीही नाही?" फोन ठेवून दिला. पोटच्या पोरीने असं विचारावं! यांच्यासाठीच तर नको म्हणाले. 'जाते' ऐकल्यावर यांचा चेहरा तिने कुठे बघितलाय?

शनिवार, २१ जून

मॅडमचा फोन आला. स्वतः घरी येणार आहेत, सोमवारी. "नवीन सत्रासाठी एकदा भेटून बोलू." चष्मेवाली पुढच्या वर्गात गेली, ती येणार नाही. कुणीतरी दुसरी.

यांना सांगितलं नाही. कशाला आशा लावा? मी काय बोलायचं ते पाठ करून ठेवलंय. असं सुनावणार आहे की पुन्हा या घराची पायरी चढणार नाहीत.

सोमवार, २३ जून

मॅडम आल्या. बसायच्या आत मी सुरू केलं. यांना झेपत नाही, यांना नवं माणूस चालत नाही, यांना आता —

माझं मनगट कुणीतरी धरलं. डावा हात. घट्ट.

"तू... थांब. मी. सांगतो."

मला. माझ्या सगळ्या संसारात पहिल्यांदा.

मी थांबले. एकेका शब्दाला केवढा वेळ! चहा निवून गेला. जिभेच्या टोकावर पुढचा शब्द येत होता तरी मी दिला नाही, पदर दातात धरून बसले. शेवटी जुळलं त्यांचं —

"मुलं... येऊ दे. पण... हिला... पण... शिकवा."

काय शिकवायचं ते मॅडमना कळलं नाही. मला कळलं.